पाल : वऱ्हाडातील व बेटांवरील जाती

सरीसृप (सरपटणाऱ्या प्राण्यांच्या) वर्गातील स्क्वॅमेटा गणात पालींचा समावेश होतो. जगात त्यांच्या दोन हजारांहून अधिक जाती असून त्या अनेक कुलांत विभागलेल्या आहेत. त्यांपैकी घरांतून व माळरानांतून आढळणाऱ्या बहुतेक भारतीय पाली गेकोनिडी कुलातील हेमिडॅक्टिलस या प्रजातीच्या आहेत. या प्रजातीच्या जगात सुमारे दोनशे जाती ज्ञात असून भारतात त्यांतील चाळीसहून अधिक आढळतात. अमरावती, अकोला व लगतच्या जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या वऱ्हाडात, या प्रजातीच्या निरनिराळ्या जाती निरनिराळ्या प्रकारच्या जागी राहतात. त्यांपैकी एका लहान जातीची शास्त्राला प्रथम ओळख वऱ्हाडच्याच भूमीवरून झाली. प्रस्तुत नोंदीत या पालींची शरीररचना, त्यांच्या अभ्यासाचा इतिहास, उष्ण कटिबंधातील बेटांवरील त्यांच्या नातेवाईक जाती आणि त्यांच्या अस्तित्वापुढील प्रश्न यांचा विचार केला आहे.

नाव व लोकसमजुती : ‘पाल’ हा शब्द संस्कृत ‘पल्ली’ या शब्दापासून आला आहे. संस्कृतात तिला गृहगोधा व गृहगोधिका अशीही नावे आहेत. घरात राहणारी लहान घोरपड असा त्यांचा अर्थ होतो. पालीच्या आवाजाला मराठीत चुकचुकणे म्हणतात आणि मनात संशय येणे या अर्थी ‘शंकेची पाल चुकचुकणे’ हा वाक्प्रचार रूढ आहे. अंगावर पाल पडल्यास कोणते फळ मिळते याची कोष्टके पंचांगांतून ‘पल्लीपतन’ या मथळ्याखाली छापली जात आली आहेत. शरीराच्या अवयवागणिक शुभ किंवा अशुभ फळ सांगणाऱ्या या कोष्टकांना निरीक्षणाचा आधार नाही. परंतु पाल माणसाच्या इतकी निकट राहते की तिच्या प्रत्येक हालचालीला अर्थ चिकटवला गेला, एवढे त्यांवरून दिसते.

पाल विषारी असते हा समज सर्वत्र पसरलेला असला, तरी तो खोटा आहे. भारतातील कोणत्याही पालीला विषग्रंथी नाहीत. दुधात किंवा अन्नात पाल पडल्याने होणारी बाधा विषामुळे होत नाही. पालीच्या आतड्यांत व विष्ठेत साल्मोनेला गटाचे सूक्ष्मजंतू असू शकतात व त्यांनी अन्न दूषित होते. असे अन्न टाकून देणे योग्यच आहे. मात्र त्यासाठी पाल मारण्याचे कारण नाही.

शरीररचना : पालीचे शरीर चपटे व त्वचा मऊ असते. पाठीवर बारीक कणीदार खवले असून अनेक जातींत त्यांच्या अधूनमधून मोठे उंचवटे (गुलिका) रांगांनी मांडलेले असतात. गुलिकांची संख्या, आकार व मांडणी ही जाती ओळखण्याची महत्त्वाची खूण आहे. डोळ्यांना हलणाऱ्या पापण्या नसतात. डोळ्यांवर पारदर्शक आवरण असते व पाल ते जिभेने पुसून स्वच्छ ठेवते. बाहुली उभी असून प्रकाशात ती अरुंद फटीसारखी होते.

संकटाच्या वेळी पाल शेपटी तोडून टाकते. तुटलेला तुकडा काही काळ वळवळत राहतो, शत्रूचे लक्ष तिकडे वेधले जाते आणि पाल निसटते. शेपटी मणक्यांमधून नव्हे, तर मणक्यातच असलेल्या कमकुवत जागी तुटते. नवी शेपटी फुटते, पण तिच्यात मणके नसून कूर्चेचा अखंड दांडा असतो. शेपटीत चरबीचा साठा असल्यामुळे ती गमावणे पालीला बरेच महाग पडते.

बोटांखालील आडव्या पट्ट्या (पटलिका) हे पालीचे सर्वांत विशेष लक्षण होय. हेमिडॅक्टिलस या नावाचा अर्थच ‘अर्धे बोट’ असा आहे; बोटाचा पुढचा भाग रुंद गादीपासून मोकळा होऊन नखीसह वर उचललेला दिसतो, यावरून हे नाव पडले. पाल झाडावर कशीही, डोके खाली करूनही, धावू शकते याची नोंद ॲरिस्टॉटल यांनी केली होती. पण त्यामागील कारण समजण्यास दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. पायात चिकट द्रव असतो, बोटे हवा शोषून घेऊन चिकटतात, स्थिर विद्युत् काम करते, असे तर्क एकामागून एक मांडले गेले व प्रयोगांती सोडावे लागले. १९६५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पटलिकांवरील केसांसारख्या दृढरोमांची टोके शेकडो अतिसूक्ष्म, चपट्या अग्रांत विभागलेली दिसली. २००० मध्ये केलर ऑटम व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका दृढरोमाचे बल मोजले आणि २००२ मध्ये हे आकर्षण रेणूंमधील व्हॅन डर व्हाल्स बलांचे असल्याचा पुरावा दिला. टोके या आशियाई पालीच्या एका पायावर असे सुमारे पाच लाख दृढरोम असतात. यावरून एक महत्त्वाचा परिणाम निघतो. पृष्ठभाग घट्ट असेल तरच ही पकड उपयोगी पडते. भुसभुशीत पृष्ठभागाचे कण पायाला चिकटून सुटून येतात. बेटांवरील पालींच्या इतिहासात या गोष्टीला मोठे महत्त्व आहे.

प्रजनन : मादी बहुधा एका वेळी दोन अंडी घालते. ती भिंतीच्या भेगेत, दगडाखाली किंवा सालीखाली ठेवलेली आढळतात. गेकोनिडी कुलातील अंड्यांचे कवच घालतेवेळी मऊ असून थोड्याच वेळात चुनखडीसारखे कठीण होते. त्यामुळे ती कोरड्या हवेत टिकतात. काही जातींची अंडी समुद्राच्या पाण्याचा संपर्कही काही काळ सहन करतात. लाकडाच्या ओंडक्याबरोबर किंवा जहाजातील मालाबरोबर पाली दूरच्या बेटांवर पोहोचल्या, त्याचे एक कारण हे आहे.

वऱ्हाडातील जाती : वऱ्हाडात काळ्या कसदार मातीचा सपाट प्रदेश मध्यभागी, उत्तरेस सातपुड्याचे डोंगर आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगांचे उंचवटे अशी भूरचना आहे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव यातील सपाट प्रदेशात, सातपुड्याच्या पायथ्यापासून फार दूर नसलेल्या भागात वसले आहे. गोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे होते आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्राची सिद्धता येथे केली, यामुळे मराठी वाङ्‌मयाच्या इतिहासात व महानुभाव पंथात या स्थानाला फार महत्त्व आहे. जुनी मंदिरे व मठ, मातीच्या व विटांच्या भिंती, विहिरी, भोवती कापूस, तूर व संत्र्याच्या बागा आणि अधूनमधून बरड माळ, अशा वऱ्हाडी गावात पालींसाठी तीन प्रकारच्या जागा उपलब्ध असतात : भिंत, झाड व जमीन. त्यांनुसार जातीही वेगवेगळ्या असतात.

भिंतीवर राहणारी मोठी पाल हेमिडॅक्टिलस फ्लॅविव्हिरिडिस ही होय. तिचे डोके व धड मिळून लांबी सुमारे ९ सेंमी. पर्यंत भरते, शेपटी जवळजवळ तेवढीच असते. पाठ गुळगुळीत व फिकट करडी, तर पोटाकडची बाजू पिवळसर असते. शास्त्रीय नावाचा अर्थ ‘पिवळसर हिरवी’ असा आहे. दिव्याभोवती जमणारे कीटक हे तिचे मुख्य अन्न होय. थंडीत ती भिंतींच्या भेगांत दडून बसते व फार थोडी दिसते. तिच्या शरीररचनेचा, प्रजननाचा व चालण्याच्या रीतीचा सविस्तर अभ्यास बेनी चरण महेंद्र यांनी १९३६ पासून प्रसिद्ध केला. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शेपटीच्या पुनर्जननावर याच जातीत दीर्घकाळ संशोधन झाले.

घरात व अंगणात आढळणारी दुसरी, लहान व पाठीवर ठळक गुलिका असलेली पाल दीर्घकाळ हेमिडॅक्टिलस ब्रूकाय या नावाने ओळखली गेली. हे नाव जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८४५ मध्ये बोर्निओशी निगडित नमुन्यांवरून दिले होते. त्याखाली भारतातील अनेक परस्परभिन्न जाती एकत्र घातल्या गेल्या होत्या. त्यांपैकी हेमिडॅक्टिलस मरी हे नाव ग्लेडो यांनी १८८७ मध्ये डांगच्या जंगलातील पालीला दिले होते. पुढे ते रद्द समजले गेले आणि एकविसाव्या शतकात डीएनएच्या अभ्यासानंतर पुन्हा स्वीकारले गेले.

झाडांच्या खोडांवर हेमिडॅक्टिलस लेशनॉल्टाय ही पाल राहते. तिच्या पाठीवरील नागमोडी पट्टे सालीच्या रंगात मिसळून जातात, त्यामुळे दिवसा ती हाताच्या अंतरावर असूनही दिसत नाही. जमिनीवर, दगडांखाली व वारुळांत हेमिडॅक्टिलस ट्रायेड्रस ही पांढऱ्या कडांचे गडद पट्टे असलेली देखणी पाल असते. सातपुड्यात यूब्लेफॅरिडी या वेगळ्या कुलातील बिबट्यासारख्या ठिपक्यांची जाड शेपटीची पालही आहे. यूब्लेफॅरिस सातपुडाएन्सिस या नावाने तिचे वर्णन २०१४ मध्ये झाले. तिला हलणाऱ्या पापण्या असतात, बोटांखाली गाद्या नसतात व ती जमिनीवरच चालते. पूर्णपणे निरुपद्रवी असूनही विषारी समजून ती मारली जाते.

वऱ्हाडी सडपातळ पाल : हेमिडॅक्टिलस ग्रॅसिलिस या जातीचे वर्णन विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यांनी १८७० मध्ये केले. ब्लॅनफर्ड (१८३२–१९०५) हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत भूवैज्ञानिक होते. खडक व कोळशाचे थर तपासत मध्य भारतात हिंडताना त्यांनी जमविलेल्या सरीसृप व उभयचर प्राण्यांची माहिती बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत या पालीच्या आढळाची मूळ स्थाने म्हणून आग्नेय वऱ्हाड व रायपूर यांचा उल्लेख आहे. त्या काळी वऱ्हाड हा निजामाकडून १८५३ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात आलेला मुलूख होता. त्याच वर्षी, १८७० मध्ये, ब्लॅनफर्ड यांचा ॲबिसिनियाच्या भूविज्ञानावरील व प्राणिजीवनावरील ग्रंथही प्रसिद्ध झाला. पुढे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेचे ते पहिले संपादक झाले.

‘ग्रॅसिलिस’ म्हणजे सडपातळ. ही पाल लहान, बारीक अंगाची व पातळ बोटांची असते. पाठीवर गुलिकांच्या रांगा व करड्या-तपकिरी रंगावर गडद ठिपके असतात. बोटांखालील गाद्या अरुंद असतात, कारण ही जाती भिंतीवर चढणारी नसून जमिनीवर राहणारी आहे. कोरडा, उघडा माळ, सुटे दगड आणि विरळ गवत ही तिची जागा. दिवसा ती दगडाखाली असते व रात्री लहान कीटक टिपत हिंडते. महाराष्ट्राखेरीज गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड व दख्खनच्या इतर भागांतूनही तिची नोंद आहे.

अभ्यासाचे पुढील टप्पे : ब्लॅनफर्ड यांच्यानंतर जॉर्ज ॲल्बर्ट बूलेंजर यांचा १८९० चा आणि माल्कम स्मिथ यांचा १९३५ चा ग्रंथ हे भारतीय पालींच्या अभ्यासाचे दोन प्रमुख आधार ठरले. दोघांचेही काम मुख्यतः संग्रहालयांतील नमुन्यांवर उभे होते. पाल कोठे व कशी राहते याविषयी त्यांत थोडेच सांगितलेले आहे. स्वातंत्र्योत्तर काळात स्थानिक निरीक्षणाला महत्त्व आले. रत्नागिरी जिल्ह्यातील दोरले येथील जांभ्या खडकाच्या सड्यावरून ॲलिस ग्रँडिसन व पी. डब्ल्यू. सोमण यांनी १९६३ मध्ये हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस ही पांढऱ्या पट्ट्यांची लहान भूचर जाती वर्णिली. २००८ मध्ये वरद गिरी व आरन बाउअर यांनी साताऱ्याजवळच्या पठारावरून हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस ही जाती प्रसिद्ध केली. सातपुड्यातील खडकांवर राहणाऱ्या एका पालीला २०१७ मध्ये हेमिडॅक्टिलस चिपकली हे नाव मिळाले. हिंदीतील रोजचा शब्दच येथे शास्त्रीय नावात गेला आहे.

डीएनएच्या अभ्यासाने या जातींमधील नातेसंबंध उलगडले. रोहिणी बन्सल व प्रवीण कारंथ यांनी २०१० मध्ये असे दाखविले की, भारतीय उपखंडातील हेमिडॅक्टिलस पालींचा मोठा भाग येथेच विकसित झालेला एक स्वतंत्र समूह आहे आणि आशियातील घरपालींच्या पूर्वजांचे मूळही भारतातच असावे. ग्रॅसिलिस, अल्बोफॅसिएटस व साताराएन्सिस या भूचर जाती परस्परांच्या जवळच्या ठरल्या. चढणाऱ्या पूर्वजांपासून जमिनीवर राहणाऱ्या जाती निर्माण झाल्या आणि द्वीपकल्पाचे हवामान कोरडे होत जाण्याशी त्यांच्या विविधतेचा संबंध आहे, असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले. म्हणजे माळावरील ही पाल निकृष्ट जमिनीत कशीबशी तगलेली नसून कोरड्या माळाशीच जुळवून घेत विकसित झालेली आहे.

बेटांवरील पाली : जमिनीवरील भूचर जाती ठराविक क्षेत्राला बांधलेल्या असतात, घरपालीची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. वऱ्हाडातील भिंतींवर दिसणाऱ्या फ्लॅविव्हिरिडिस जातीचे प्रथम वर्णन एडुआर्ट रूपेल यांनी १८३५ मध्ये तांबड्या समुद्रातील मासावा बेटावरून केले, हे या दृष्टीने लक्षणीय आहे. भारत, अरबस्तान व पूर्व आफ्रिका यांच्या व्यापारी मार्गांवरील बंदरांत ही जाती आढळते. कोकणात घराघरांत असलेली हेमिडॅक्टिलस फ्रेनेटस ही आशियाई घरपाल तर जहाजांबरोबर हिंदी महासागर व पॅसिफिक महासागरातील असंख्य बेटांवर पसरली आहे. पॅसिफिकमधील बेटांवर विजेच्या दिव्यांभोवती कीटक दाटीने जमतात. अशा ठिकाणी ही मोठी व चपळ पाल, लेपिडोडॅक्टिलस ल्युगुब्रिस या केवळ माद्यांनीच वंश चालविणाऱ्या लहान पालीला अन्नापासून दूर सारते, असे १९९० च्या दशकातील प्रयोगांतून सिद्ध झाले.

याहून गंभीर घटना मॉरिशसमध्ये घडली. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज या देशात आहेत. मॉरिशस व त्याभोवतीच्या छोट्या बेटांवर नॅक्टस प्रजातीच्या निशाचर पाली राहतात. जुन्या अस्थींच्या अवशेषांवरून त्या पूर्वी मुख्य बेटावरही होत्या असे समजते. आज त्या केवळ किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटांवर उरल्या आहेत. त्यांपैकी सर्वांत लहान नॅक्टस कोइंडेमिरेन्सिस ही जाती १९८५ मध्ये, तर राउंड बेटावरील नॅक्टस ड्युरेलोरम १९९४ मध्ये वर्णिली गेली. या पालींच्या बोटांखाली चिकटणाऱ्या गाद्या नसतात; त्या नख्यांच्या आधारे खडकांवर चालतात. मानवाबरोबर आलेली फ्रेनेटस घरपाल त्यांना दिवसा लपण्याच्या फटींतून हुसकून लावते व लहान पाली खातेही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ज्या बेटांचा खडक भुसभुशीत ज्वालामुखी राखेचा आहे तेथे घरपालीच्या पायांची पकड लागत नाही आणि नेमक्या अशाच ठिकाणी नॅक्टस तग धरून राहिली. पालीला भिंतीवर चढविणारी रचनाच अशा खडकावर तिची उणीव ठरली व त्यामुळे एका दुर्बळ जातीला आसरा मिळाला.

अशा छोट्या बेटांवरील जातीला एकच अपघात पुरेसा असतो. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळभित्तीवर चढले आणि ६ ऑगस्टपासून त्यातून सुमारे एक हजार टन इंधन तेल समुद्रात पसरले. जवळच्या बेटांवरील नॅक्टस कोइंडेमिरेन्सिस व काही सापसुरळ्या पकडून त्यांचा राखीव समूह सांभाळण्यासाठी जर्सी बेटावरील प्राणिसंग्रहालयात नेण्यात आला.

महत्त्व व संवर्धन : घरातील पाल डास, पतंग, झुरळांची पिले व इतर कीटक खाऊन माणसाच्या उपयोगी पडते. शेताच्या धुऱ्यावरील व माळावरील पाली तेथील कीटकसंख्येवर नियंत्रण ठेवतात आणि स्वतः साप, घुबडे व इतर भक्षकांचे अन्न बनतात. महानुभावांच्या आचारधर्मात अहिंसेला मोठे स्थान आहे आणि अशा परंपरेच्या प्रदेशात तरी केवळ किळस वा भीती यांपोटी हा प्राणी मारला जाऊ नये, अशी अपेक्षा करता येते.

घरपालीच्या अस्तित्वाला धोका नाही; वस्ती वाढेल तशी ती वाढते. प्रश्न आहे तो माळावरच्या जातींचा. वऱ्हाडात गायरान व ई-क्लास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, तसेच सरकारी दप्तरात ‘पडीक’ लिहिलेल्या जमिनींवरच त्यांची वस्ती असते. धुरे नांगरून टाकणे, माळावरील दगड वेचून नेणे, मुरूम व खडीच्या खाणी, रासायनिक कीटकनाशके आणि गवताळ माळावर सरसकट झाडे लावणे, या सर्वांनी ही वस्ती आक्रसत जाते. हेमिडॅक्टिलस ग्रॅसिलिसचे आढळक्षेत्र विस्तृत असल्याने तिच्या समूळ नाशाची भीती आज नाही. पण कोकणचे सडे व साताऱ्याची पठारे यांवरील तिच्या नातेवाईक जातींचे क्षेत्र फार लहान आहे. भोवतालची शेती व वस्ती यांनी वेढलेला माळ हाही त्या जातींच्या दृष्टीने बेटच असतो आणि बेटावरील जाती कशा नाहीशा होतात हे मॉरिशसच्या उदाहरणावरून स्पष्ट आहे. ज्या प्रदेशाचे नाव या सडपातळ पालीच्या पहिल्या वर्णनाशी १८७० पासून जोडलेले आहे, तेथे काही माळ दगडांसह व गवतासह जसेच्या तसे राखणे आणि दप्तरातील ‘पडीक’ या शब्दाचा फेरविचार करणे, हे तिच्या संवर्धनाचे साधे व साध्य होणारे उपाय आहेत.